जेर्देचं पान

नारिन खोऱ्यातल्या एका मशीनची डिस्क काठोकाठ भरली, असा निरोप सकाळी साडेनऊला माझ्या पडद्यावर आला आणि मी चहा अर्धा सोडून ती साफ करायला बसले. चहा पूर्ण प्यायले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण माझा स्वभावच असा, की कुठे पसारा दिसला की हात शिवशिवतात. स्वतःच्या घरातला पसारा मात्र दिसत नाही, असं माझी सासू म्हणते.

ते मशीन आहे कुबत आकेंच्या कचेरीत; थोरल्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो, थोरल्या बाईला एजे. कुबत आके म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या घोड्यांचे चित्रगुप्त म्हणा ना. कुठल्या घोडीला कुठल्या घोड्यापासून कुठलं शिंगरू झालं, त्याच्या मांडीवर कुणाच्या मालकीचा डाग आहे, त्याचे सात बाप, म्हणजे सात पिढ्यांचे पूर्वज, कोण, हे सगळं एकतीस वर्षं ते लिहून ठेवत आले आहेत. आमच्यात माणसाला सात बाप सांगता आले नाहीत तर त्याला गुलाम म्हणतात, तर घोड्याची काय कथा. वसंत आला की मालक त्यांच्या दारात येऊन बसतात. माझ्या घोडीला अमक्याचा घोडा चालेल का, सात पिढ्यांत रक्त एक तर होत नाही ना, एवढंच विचारायला. कुबत आके नोंदवही बघतात आणि हो किंवा नाही म्हणतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

पूर्वी त्या वह्या होत्या. मी कॉलेजात असताना त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि दोन उन्हाळे त्यांच्या बायकोबरोबर, कुलीपा एजेंबरोबर, बसून सगळ्या वह्या त्यात भरल्या. एजे वाचायच्या, मी टंकायचे. पुढे तळघरात पाणी शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. तेव्हा आके मला म्हणाले होते, पोरी, तू वेळेवर आलीस. मला चार वर्षांची असताना पहिल्यांदा घोड्यावर बसवलं तेही त्यांनीच, त्यामुळे त्यांच्या तोंडचं कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

तर त्या सकाळी मी बिश्केकमधून त्यांच्या मशीनमध्ये शिरले आणि सर्वांत जाडजूड फाइल कोणती ते पाहिलं. अठरा गिगाबाइट. नाव होतं ‘तात्पुरती-२’. म्हटलं, तात्पुरती वस्तू अठरा गिगाबाइट होईपर्यंत ठेवणारा हा कोण गाढव? आणि उडवली.

डिस्क रिकामी झाली नाही.

आमच्या धंद्यात याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक असतो. फाइल पुसणं म्हणजे खरं तर फक्त तिचं नाव खोडणं. कुठल्या चालू प्रोग्रॅमने ती धरून ठेवली असेल तर तो सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर जागा अडवून बसलेलाच असतो. यावर उपायही सगळ्यांना माहीत असतो. प्रोग्रॅम बंद करून चालू करायचा, की जागा मोकळी. मी ती आज्ञा टंकली. फक्त ती पक्की करणारी कळ दाबायची राहिली होती.

का थांबले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शहाणपण म्हणावं तर ते त्या दिवशी माझ्याकडे नव्हतंच. बहुतेक खोडच आडवी आली. गेली दोन वर्षं मी ज्या गोष्टीवर डोकं आपटत होते ती हीच होती, कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल मेमरीत मांडून बसला आहे ते बघण्याची. म्हटलं, धरलंय कुणी ते तरी बघू. कर्नलला, म्हणजे मशीनच्या गाभ्याला, विचारलं. त्याने यादी दाखवली. ‘तात्पुरती-२’, पुढे कंसात ‘पुसलेली’, आणि धरणारा कोण, तर कुबत आकेंचा नोंदवहीचा प्रोग्रॅम.

मग मला आठवलं. विद्यार्थिदशेत मीच त्या फाइलचं नाव ‘तात्पुरती-२’ ठेवलं होतं. चांगलं नाव सुचलं की बदलू म्हणून. दहा वर्षं झाली. चार हजार तीनशे बारा घोडे, त्यांचे फोटो, त्यांचे डाग, त्यांचे सात-सात बाप त्या तात्पुरत्या नावाखाली सुखाने नांदत होते आणि मी त्यांना दोन सेकंदांत उडवलं होतं.

पण प्रतही होती ना. माझ्याच खोलीतल्या दुसऱ्या डिस्कवर मी त्या मशीनची हुबेहूब प्रत ठेवत असे, दर दहा मिनिटांनी आपोआप ताजी होणारी. तिला मी आरसा म्हणायचे आणि ‘आरसा असल्यावर काळजी कसली’ असं लोकांना ऐकवायचे. तिकडे धावले. आरशाने आपलं काम चोख केलं होतं. माणूस समोरून गेला की आरशातूनही जातो. फाइल तिकडूनही पुसली गेली होती.

आता जगात ती नोंदवही एकाच ठिकाणी उरली होती. तिला नाव नव्हतं, आणि ती एका चालू प्रोग्रॅमच्या मुठीत होती.

ही मूठ किती कच्ची होती ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, प्रोग्रॅम माझाच. कपाटातून पुस्तक काढून टेबलावर उघडं ठेवावं, तसा तो फाइलचा एक तुकडा मेमरीत मांडतो. ज्या घोड्याचं पान बघायचं तेवढाच तुकडा. कपाटाच्या यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं तरी टेबलावरचं पुस्तक टेबलावरच असतं. पण दुसऱ्या घोड्याचं पान हवं झालं, की माझा प्रोग्रॅम आधीचं पुस्तक मिटून कपाटात टाकतो आणि नाव सांगून पुन्हा मागतो. त्या काळी मेमरी कमी होती आणि मला काटकसर करण्यात फार मोठेपणा वाटे. आता नावच नव्हतं. म्हणजे आकेंनी दुसऱ्या घोड्याचं पान उघडलं, की पुस्तक मिटणार, आणि मिटलं की संपलं. एकतीस वर्षं संपली.

मी फोन लावला. मनात म्हणत होते, आके चहा पीत असोत, ओट्यावर बसून कुणाशी वाद घालत असोत, फक्त मशीनपुढे नसोत.

ते मशीनपुढेच होते.

“आके, आत्ता तुमच्यापुढे कुठल्या घोड्याचं पान उघडं आहे?”

“जेर्देचं. का गं?”

“कधीपासून?”

“सकाळपासून. बघतोय.”

“आके, त्या पानावरून हलू नका. एकही कळ दाबू नका. दुसरा कुठलाच घोडा उघडू नका. मशीन थोडं अडकलंय, मी सोडवतेय.”

मशीन अडकलंय. बघा, माणूस किती सहज खोटं बोलतो. आके म्हणाले, “दुखतंय का त्याला?”

“हो, तसंच समजा.”

“मग मी कशाला हात लावेन? घोडी आडवी पडली तर जाणकार येईपर्यंत तिला उठवायचं नसतं. तू ये सावकाश. फक्त इथे एक जण उत्तरासाठी बसलाय, त्याला काय सांगू?”

त्याला चहा द्या म्हटलं आणि फोन ठेवला.

आता माझ्यापुढे वाट एकच होती, आणि तिच्यावर गेले तीन आठवडे एक माणूस आडवा उभा होता.

कर्नल जी यादी दाखवतो ती नुसती पाटी आहे. इथपासून इथपर्यंत अमकी फाइल मांडली आहे, एवढं वाचता येतं, पुढे काही नाही. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, या यादीतल्या प्रत्येक ओळीचं एक दार करावं. ओळ उघडली की सरळ ती फाइल हाती यावी, तिचं नाव असो वा नसो, मांडलेला तुकडा केवढा का असेना. पूर्ण फाइल. जुन्या वाटेने त्या प्रोग्रॅमच्या मेमरीत डोकावता येतंच, पण तिथे फक्त उघडं पान मिळतं. आमच्या बाबतीत एक जेर्दे घोडी मिळाली असती आणि बाकीचे चार हजार तीनशे अकरा गेले असते.

आमचा कर्नल जगभरची माणसं मिळून लिहितात, आणि कुणी काही नवं सुचवलं की त्याची चिरफाड सगळ्यांसमोर, पत्रांतून होते. मेमरीच्या भागाचा राखणदार हेनिंग नावाचा माणूस आहे, डेन्मार्कातल्या कुठल्याशा गावचा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तो माझ्या प्रत्येक पत्राला चार ओळींचं उत्तर देतो, आणि त्या चार ओळींनी माझा आठवडा खराब होतो. पहिल्या वर्षी त्याने विचारलं होतं, हे कुणाला लागणार आहे? मी लांबलचक उत्तर लिहिलं. पटलं नसावं. आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याने लिहिलं होतं की तू आधी यादी बघतेस आणि मग दार उघडायला जातेस, या दोहोंच्या मध्ये तो प्रोग्रॅम फाइल मिटून मोकळा झाला तर तुझ्या हातात काय येईल? आधी धर, मग बघ.

मला राग आला होता. इतक्या झपाट्याने कुठला प्रोग्रॅम फाइली मिटतो आणि उघडतो? काहीतरी खुसपट काढायचं म्हणून काढायचं. त्या रागात मी दोन उत्तरं लिहिली, आणि देवाच्या दयेने एकही पाठवलं नाही. काम मात्र तसंच टाकून दिलं होतं. नाकावर राग म्हणतात तो असा महागात पडतो.

कर्नल चालू असताना त्यात नवा तुकडा घालता येतो, तेवढी सोय आहे. म्हणजे मी माझं दार नारिनच्या मशीनमध्ये, ते बंद न करता, बसवू शकत होते. पण दार बसवताना भिंत कोसळली तर मशीन जागच्या जागी गार, आणि त्याच्याबरोबर नोंदवहीही. दुसऱ्यांदा संधी नाही.

म्हणून आधी माझ्या मशीनवर बसवून पाहिलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं काम एवढंच की फाइल मांडायची, मिटायची, मांडायची, मिटायची. तो चालू केला आणि माझं जुनं दार उघडून बघत राहिले. चाळीस सेकंदांत पडदा काळा झाला. मशीन मेलं.

मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. कुणी खुसपट काढलेलं नव्हतं. तो माणूस तीन आठवडे मला सांगत होता की इथे खड्डा आहे, आणि मी म्हणत होते की मला खड्डा दाखवणारा तू कोण? तीन आठवड्यांपूर्वी त्याने नुसती मान डोलावली असती, तर मी हेच दार निर्धास्तपणे आकेंच्या मशीनमध्ये बसवलं असतं. मशीन पुन्हा चालू होईपर्यंत मी हेनिंगची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्याने मागायची माझी रीत नाही.

मग त्याने सांगितलं तसं केलं. आधी कुलूप लावायचं, म्हणजे त्या प्रोग्रॅमला तेवढा वेळ काही मिटता येणार नाही. मग फाइल स्वतः धरायची, आपला एक हात तिच्यावर ठेवायचा. मग कुलूप सोडायचं. त्यानंतर प्रोग्रॅमने आपला हात काढला तरी फाइल पडत नाही, कारण आपला हात आहे. बारा ओळी होत्या. तीन आठवडे मी बारा ओळींसाठी रुसले होते. पुन्हा तो छोटा प्रोग्रॅम सोडला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अर्धा तास मी नखं खात बसले आणि मशीन आपलं शांतपणे मांडत-मिटत राहिलं.

तेवढ्यात आकेंचा फोन.

“काही नाही,” ते म्हणाले. “कुलीपा फडकं घेऊन आली होती. शुक्रवार आहे, टेबल पुसायचा तिचा दिवस. माझं लक्ष दाराकडे होतं. थोडक्यात वाचलं.”

“मग?”

“मग मी कल्पाक काढून कळांवर ठेवला.”

मला एकदम हसू फुटलं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची ती उंच पांढरी टोपी कुणी हलवत नाही, बायकोसुद्धा नाही. ती जमिनीवर ठेवत नाहीत, ओलांडत नाहीत, तिच्याशी खेळत नाहीत. जगातल्या कुठल्याही कुलपापेक्षा ते कुलूप भारी होतं. मागून कुलीपा एजेंचा आवाज येत होता, की एकतीस वर्षं हा माणूस जेवतानासुद्धा टोपी काढत नाही आणि आज मशीनला घातलीय, मशीनला नवरदेव केलंय वाटतं.

“चहा तरी प्यायलात का?” मी विचारलं.

“प्यायलो. गरम तळलेले बोर्सोकही खाल्ले, डाव्या हाताने. उजवा टोपीवर आहे. तू तुझं काम कर.”

आवाजात काहीतरी होतं. एरवी आके फोनवर चार घोडे आणि दोन शेजारी यांच्यावर बोलल्याशिवाय सोडत नाहीत. मी समजले की मशीनची काळजी आहे, आणि मला स्वतःची अधिकच लाज वाटली.

दुपारी पाऊणला मी दार नारिनच्या मशीनमध्ये बसवलं. कळ दाबताना डोळे मिटले होते, हे कबूल करते. उघडले तेव्हा मशीन चालू होतं. नोंदवहीच्या प्रोग्रॅमपुढे एक नवं दालन उभं राहिलं होतं, त्यात एकेक ओळीचं एकेक दार. एका दारावर ‘तात्पुरती-२, पुसलेली’. मी ते उघडून तिची लांबी विचारली. अठरा गिगाबाइट. मांडलेल्या एका पानाची नाही, पूर्ण पुस्तकाची. जीव भांड्यात पडतो तो कसा, ते मला तेव्हा कळलं.

पण तिथली डिस्क भरलेली, तिथे प्रत ठेवायला जागा नाही. मग सगळं बिश्केकला ओढायचं. डोंगरातल्या त्या तारेतून अठरा गिगाबाइट यायला दोन तास वीस मिनिटं लागली. मी उठले नाही. टक्के बघत बसले, दूध उतू जाईल म्हणून पातेल्यापाशी उभं राहतात तशी. अर्धा सोडलेला सकाळचा चहा तेवढ्यात पिऊन टाकला, गार.

तीन वाजून गेले तेव्हा पूर्ण प्रत हाती आली. मोजली. चार हजार तीनशे बारा. कुठलीही वीस पानं उघडून पाहिली, फोटो होते, डाग होते, बाप होते. मग आधी नारिनच्या डिस्कवरचा खराखुरा कचरा, जो सकाळी उचलायला हवा होता तो, उचलला. जागा झाल्यावर फाइल परत तिथे ठेवली, या वेळी धड नाव देऊन, आणि प्रोग्रॅमला ते नाव शिकवलं. आरशालाही समज दिली की इथून पुढे काही गेलं तर महिनाभर तुझ्याकडे राहू दे.

सगळं आवरलं तेव्हा चार वाजले होते. आता आकेंना फोन करून ‘झालं, मशीन सुटलं’ एवढं म्हटलं असतं तरी चालणार होतं. त्यांना कधीच कळलं नसतं. मी फोन हातात घेतला तेव्हा तेच म्हणायचं ठरवलं होतं.

“आके, झालं. टोपी काढा आता.”

“सगळे आहेत?”

“सगळे आहेत.” आणि मग पुढचं आपोआप तोंडातून गेलं. “आके, मशीन अडकलं नव्हतं. मीच तुमची नोंदवही पुसली होती. सकाळी, घाईत. प्रतही गेली होती. तुम्ही एक कळ दाबली असती तर काही उरलं नसतं.”

मी ऐकत होते. मागे एजेंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“सगळी पुसली होतीस?”

“हो.”

“चुकून?”

“चुकून. पण चूक गाढवपणाची होती.”

“आणि परत आणलीस.”

“आणली.”

“मग तुझं झालं,” ते म्हणाले. “माझं राहिलंय. ऐकतेस?”

मी ऐकतेय म्हटलं. मला वाटलं, आता बोलणी खायची.

“ही जेर्दे. मरून दोन वर्षं झाली. पण तिची नात शेजारच्या मुकाशच्या पोराकडे आहे. तोच सकाळपासून बसलाय दारात. त्याच्या घरचा घोडा आहे, मुकाशच्या जुन्या तांबड्याच्या वंशातला. तो त्या नातीला चालेल का, विचारतोय. कागद म्हणतो चालेल. जेर्देचा बाप म्हणून मी सरकारी घोडा लिहिलाय.”

“मग?”

“तो नव्हता. मुकाशचा तांबडाच होता. कुंपण तोडून आला होता त्या वर्षी. म्हणजे रक्त एकच. मुकाश इथे येऊन उभा राहिला होता, या टेबलाशी, टोपी हातात घेऊन. म्हणाला, कुबत, रक्त माझ्या घोड्याचं आहे, लिही. आमचं तेव्हा कुरणावरून बोलणं बंद होतं. मी म्हटलं, पुरावा काय? आणि सरकारी घोडा लिहिला. अठरा वर्षं झाली. मुकाश या हिवाळ्यात गेला.”

सातातला एक बाप चुकला तर खालचे सगळे चुकतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. जेर्देची नऊ शिंगरं, त्यांची शिंगरं, सगळ्यांच्या पानांवर एक खोटा बाप बसला होता.

“सकाळी ते पान उघडून बसलो,” आके सांगत होते. “हो म्हणायचं आणि पुढचं पान उघडायचं, असं ठरलं होतं माझं. पान बदललं की विसरता येतं गं, आजवर तसंच केलं. आणि तेवढ्यात तू म्हणालीस, या पानावरून हलू नका. सहा तास बसलोय तिच्यासमोर.”

ते रडत होते की काय, मला नीट कळलं नाही. कुबत आकेंना रडताना मी कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे तुलना करायला काही नव्हतं. माझे डोळे मात्र भरून आले होते.

“तू चार हजार पुसलेस ते चुकून,” ते म्हणाले. “मी एक पुसला तो जाणूनबुजून. लिहिलेलं बदलता येतं ना अजून? तुझं मशीन काही बोलणार नाही ना?”

“नाही बोलणार, आके. लिहा.”

फोन त्यांनी तसाच ठेवला, बंद करायला विसरले. मी तो कानाशी धरून राहिले. खुर्ची सरकली. मग दाराकडे जाणारी त्यांची पावलं, आणि त्यांचा आवाज, जरा लांबून. ते मुकाशच्या मुलाला आत बोलावत होते. पोरा, ये, बस इथे माझ्याशेजारी. आधी बघ मी काय लिहितो ते, मग तुला उत्तर देतो.

मी फोन बंद केला. ते ऐकणं माझं नव्हतं.

थोड्या वेळाने नोंदवहीत नवा बदल झालेला दिसला, म्हणून जेर्देचं पान उघडलं. बापाच्या जागी ‘मुकाशचा तांबडा’ होता. शेऱ्याची जागा मी प्रोग्रॅममध्ये फार तोकडी ठेवलेली, त्यामुळे वाक्य मावेल तसं कोंबलेलं होतं. ‘अठरा वर्षं चुकीचं होतं. मला माहीत होतं. कुबत.’

त्या संध्याकाळी मी बारा ओळी घालून माझं काम हेनिंगला पाठवायला काढलं. आमच्याकडे बदलाबरोबर कारण लिहावं लागतं, आणि ते कर्नल आहे तोवर राहतं, कुणालाही वाचता येतं. कारण मी दुपारीच लिहून ठेवलं होतं, टक्के बघत बसले होते तेव्हा. ‘समजा एखाद्या वापरणाऱ्याने चालू प्रोग्रॅमची फाइल पुसली, तर ती परत मिळवण्यासाठी’ असं काहीसं. वाचलं, आणि खोडून टाकलं.

मग लिहिलं की आज सकाळी मी नारिनच्या कुबत आकेंची घोड्यांची नोंदवही घाईत पुसली. ती याच दाराने परत आली. दार धड उभं राहिलं ते हेनिंगच्या सूचनेमुळे, जी मी तीन आठवडे रागाने बाजूला टाकली होती. खाली माझं पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट, आणि पाठवून दिलं.